ब्लॉकलीत स्वतःचा पॉपअप कसा बसवायचा? (मराठी बटणं, मोठी अक्षरं हवीत)

फळा_आणि_खडू

नमस्कार मंडळी. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी ब्लॉकली (ठोकळ्यांचा संपादक वेबपानावर बसवणारी लायब्ररी) वापरून एक वेबपान तयार केलंय. मुलं ठोकळे जोडून छोटे प्रोग्रॅम करतात. ठोकळ्यांवरचा मजकूर मराठी, टूलबॉक्स मराठी, सगळं छान चालू आहे.

अडतंय ते एका जागी. मूल "नवं चल तयार करा" (चल म्हणजे व्हेरिएबल) हे बटण दाबतं आणि ब्राउझरची स्वतःची चौकट वरून खाली येते. वर साइटचा पत्ता, खाली इंग्रजी बटणं, अक्षरं बारीक. इतका वेळ मराठीत वावरणारं मूल तिथे थबकतं आणि हात वर करतं. "प्रश्न विचारा" हा ठोकळा चालवला की पुन्हा तीच चौकट.

मला माझी चौकट हवी आहे: मोठी अक्षरं, मराठी बटणं, प्रश्न ठळक. एचटीएमएल आणि सीएसएस मला नीट येतं, जावास्क्रिप्ट कामापुरतं. हे बदलायचं कुठे? ब्लॉकलीची मूळ फाइल उघडून त्यात हात घालावा लागेल का?

---

रात्रपाळी

मूळ फाइलला हातही लावू नका ताई. पुढची आवृत्ती आली की सगळं पुन्हा करावं लागेल. ब्लॉकलीने यासाठी दार ठेवलंय. ब्लॉकली.डायलॉग या नावाखाली तीन फंक्शन्स आहेत: सेटअलर्ट, सेटकन्फर्म आणि सेटप्रॉम्प्ट. तुम्ही काही दिलं नाहीत तर ती ब्राउझरची अलर्ट, कन्फर्म, प्रॉम्प्ट वापरतात. तुमचं फंक्शन दिलंत की ब्लॉकली तेच वापरतं.

प्रॉम्प्टसाठी तुमच्या फंक्शनला तीन गोष्टी मिळतात: संदेश, आधीपासून भरलेली किंमत आणि कॉलबॅक (उत्तर परत कळवायचं फंक्शन). चौकट दाखवणं तुमचं काम. मुलाने "ठीक" दाबलं की कॉलबॅकला लिहिलेला मजकूर द्या, "नको" दाबलं की नल (काहीच नाही) द्या. कन्फर्ममध्ये संदेश आणि कॉलबॅक एवढंच येतं, उत्तर ट्रू किंवा फॉल्स. अलर्टमध्ये फक्त चौकट बंद झाल्याचं कळवायचं.

जुन्या लेखांत ब्लॉकली.प्रॉम्प्ट वरच थेट आपलं फंक्शन लिहायला सांगितलेलं दिसेल. ती जुनी पद्धत आहे, आता डायलॉगमधूनच करा.

---

पुदिना

+१. आणि कॉलबॅक प्रत्येक वाटेने बोलावला गेलाच पाहिजे. ठीक, नको, एस्केप, चौकटीबाहेर क्लिक, सगळीकडून. आणि एकदाच. नवशिक्यांच्या कोडमध्ये "नको"ची वाट हमखास सुटते. मग उत्तराची वाट बघणारा पुढचा भाग तसाच लटकून राहतो.

---

जुना_जाणता

एक वेगळा विचार मांडतो. ब्राउझरची चौकट फुकट मिळते. ती कळफलकावरून चालते, स्क्रीन रीडरला कळते, फोनवर नीट बसते आणि प्रत्येक ब्राउझरने तिची वर्षानुवर्षं तपासणी केलेली आहे. लोक ती काढून स्वतःची चौकट बनवतात तेव्हा दिसायला सुंदर होते, पण टॅब दाबला की फोकस मागच्या पानावर पळतो आणि अंध मुलाला काहीतरी उघडलंय हेच कळत नाही. फक्त बटणं मराठी करण्यासाठी एवढा खटाटोप करावा का? मुलांना दोन इंग्रजी शब्द ओळखता येतात.

---

फळा_आणि_खडू

सर, मुद्दा पटतो, पण दोन शब्दांचा प्रश्न नाही हा. पाचवीतलं मूल त्या चौकटीकडे "काहीतरी बिघडलं" असं बघतं. वरचा साइटचा पत्ता त्याने लिहिलेला नाही, मी सांगितलेला नाही. त्याला वाटतं आपल्या हातून काही चुकलं. त्या तासाला ते मूल नवं चल करायचंच टाळतं. मला ते नको आहे. दृष्टिबाधित मुलांचं मात्र तुम्ही बरोबर बोललात, तेही सांभाळूनच करायचं आहे.

---

टोरांटोची_सई

जुना_जाणता, ब्राउझरच्या चौकटीवर विसंबून राहणंही दिवसेंदिवस कठीण होतंय. २०२१ मध्ये क्रोम ९२ ने दुसऱ्या साइटच्या आयफ्रेममधून (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातून) येणारे अलर्ट, कन्फर्म आणि प्रॉम्प्ट बंद करायला घेतले. कोडिंग शिकवणाऱ्या कितीतरी साइट्स मुलांचा प्रोग्रॅम अशाच आयफ्रेममध्ये चालवतात, त्यामुळे मोठा गदारोळ झाला आणि निर्णय पुढे ढकलावा लागला. पण दिशा कळली. आयफ्रेमला सँडबॉक्स (सुरक्षेचं कुंपण) लावला आणि अलाउ-मोडल्स दिलं नाही तर या चौकटी येतच नाहीत. इलेक्ट्रॉनमध्ये (वेबपानाचं संगणकावरचं ॲप करणारं साधन) ॲप बांधलं तर विंडो.प्रॉम्प्ट मुळातच चालत नाही. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये (ॲपच्या आतला ब्राउझर) वेबक्रोमक्लायंट बसवल्याशिवाय चौकट उघडत नाही.

शिवाय लागोपाठ चौकटी आल्या की ब्राउझर मध्येच "या पानाला आणखी चौकटी दाखवू देऊ नका" असा पर्याय देतो. लूपमध्ये प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम मुलं हमखास लिहितात. तो पर्याय एकदा टिकला की पुढच्या प्रत्येक प्रश्नाला न विचारताच रिकामं उत्तर येतं, आणि मूल आपल्या ठोकळ्यांत चूक शोधत बसतं.

---

अण्णा_इचलकरंजी

आमच्या पोरांना चौकट बंद करायची एवढी घाई असते, की "तुम्हाला बक्षीस हवं का?" विचारलं तरी "नको" दाबून मोकळी होतील 😄

---

रात्रपाळी

@जुना_जाणता, तुमच्या मुद्द्याचं उत्तर आता एचटीएमएलमध्येच आहे: डायलॉग नावाचा टॅग. क्रोममध्ये तो २०१४ पासून आहे, फायरफॉक्स आणि सफारीत मार्च २०२२ मध्ये आला. शोमोडल म्हटलं की मागचं पान आपोआप निष्क्रिय होतं, टॅब चौकटीतच फिरतो, एस्केपने ती बंद होते आणि बंद झाल्यावर फोकस आधीच्या जागी परततो. स्क्रीन रीडरलाही हा डायलॉग आहे हे कळतं. शीर्षकाला आयडी देऊन एरिया-लेबल्डबायने जोडा, म्हणजे उघडताच प्रश्न वाचून दाखवला जाईल.

आणखी एक फायदा. ब्लॉकलीचे स्वतःचे तरंगते भाग, म्हणजे ठोकळ्यातली टायपिंगची पेटी, टूलटिप वगैरे, खूप मोठा झेड-इंडेक्स (कोण वर, कोण खाली हे ठरवणारा आकडा) घेऊन बसलेले असतात. साधा डिव वापरून चौकट केली तर ती कधी वर, कधी खाली, अशी झुंज लागते. शोमोडलने उघडलेली चौकट ब्राउझरच्या सगळ्यात वरच्या थरात जाते. तिथे झेड-इंडेक्सचा संबंधच उरत नाही.

---

सह्याद्रीकर

डायलॉग टॅग वापरताना एक खाच लक्षात ठेवा. आत फॉर्म ठेवून त्याची मेथड डायलॉग केली, की दाबलेल्या बटणाची किंमत रिटर्नव्हॅल्यूमध्ये येते. पण एस्केपने बंद केलं तर रिटर्नव्हॅल्यू बदलत नाही! आधीच्या वेळी "ठीक" होतं तर ते तसंच राहतं. म्हणजे मुलाने एस्केप दाबून नकार दिला तरी तुमच्या कोडला तो होकार वाटणार.

उपाय: दर वेळी उघडण्याआधी रिटर्नव्हॅल्यू रिकामी करा. मग फक्त क्लोज या इव्हेंटवर लक्ष ठेवा, आणि तो लिसनर एकदाच चालेल असा लावा. कॉलबॅक तिथूनच बोलवा. पुदिना म्हणतात ती "प्रत्येक वाटेने, एकदाच" अट यात आपोआप पाळली जाते, कारण चौकट कशीही बंद झाली तरी क्लोज येतोच.

---

म्हादई

गोव्यातून रामराम. मी ॲप इन्व्हेंटरवर (फोनची ॲप बनवायचं साधन) मुलांची शिबिरं घेते. तेही ठोकळ्यांचंच, आणि त्याचा ठोकळ्यांचा संपादकही ब्लॉकलीवरच उभा आहे. तिथे पॉपअपसाठी नोटिफायर नावाचा घटक आहे. शोमेसेजडायलॉग, शोचूझडायलॉग, शोटेक्स्टडायलॉग, आणि क्षणभर दिसणारा शोअलर्ट. पहिल्या दोन चौकटींत बटणांवरचा मजकूर आपण देतो, त्यामुळे तिथे मराठीचा प्रश्नच येत नाही. चौकटीतल्या संदेशात साधे एचटीएमएल टॅग चालतात, अक्षरं ठळक किंवा मोठी करता येतात.

मुलं अडतात ती वेगळ्या जागी. शोचूझडायलॉगचा ठोकळा लावतात आणि त्याच्याच खाली लगेच "उत्तर होय असेल तर" असा ठोकळा जोडतात. पण चौकट दाखवून प्रोग्रॅम तिथे थांबत नाही, पुढे जातो. उत्तर नंतर येतं, आफ्टरचूझिंग या वेगळ्या इव्हेंटमध्ये. "विचारणं" आणि "उत्तर मिळणं" हे दोन वेगळे प्रसंग आहेत हे एकदा कळलं की मुलं झपाट्याने पुढे जातात. मी दोन मुलांना समोर उभं करून पत्र पाठवायला लावते. पत्र टाकल्यावर पोस्टाच्या पेटीपाशी कुणी उभं राहत नाही, हे त्यांना पटकन समजतं.

एका पडद्यावर दोन-तीन प्रश्न असतील तर नोटिफायरही तेवढेच घ्या. आफ्टरचूझिंगमध्ये येतो तो दाबलेल्या बटणावरचा मजकूर. एकच नोटिफायर असेल आणि दोन्ही चौकटींत "होय" असेल, तर कुठल्या प्रश्नाचं होय ते सांगता येत नाही.

---

कैरीपन्हं

स्क्रॅचमध्ये मात्र थांबतं ना? "विचारा आणि वाट बघा" असाच ठोकळा आहे.

---

म्हादई

हो, स्क्रॅचमध्ये त्या स्क्रिप्टचं काम तिथे थांबतं. स्प्राइट (स्क्रॅचमधलं पात्र) दिसत असेल तर प्रश्न त्याच्या बोलण्याच्या फुग्यात येतो, लपलेला असेल तर खालच्या पेटीतच प्रश्न दिसतो. पण त्या पेटीचं रूप बदलता येत नाही आणि उत्तर ठेवायला एकच जागा असते. पुढचा प्रश्न विचारला की आधीचं उत्तर गेलं, म्हणून आधी ते चलात ठेवायला शिकवते.

मुलांना आपली स्वतःची चौकट हवी असेल तर ती स्प्राइटचीच करावी लागते. एक स्प्राइट चौकटीच्या चित्राचा, दोन स्प्राइट बटणांचे. दाखवायच्या वेळी संदेश प्रसारित करायचा, तिघांनी सगळ्यात पुढच्या थरावर यायचं, बटणावर क्लिक झालं की चलात उत्तर ठेवून लपायचं. मंच ४८० गुणिले ३६० चा असतो, त्यात चौकट मधोमध बसवणं हाच निर्देशांकांचा छान धडा होतो. माझ्या मते स्वतःचा पॉपअप करायला लावण्याइतका चांगला सराव दुसरा नाही. त्यात मूल बघणाऱ्याच्या जागी जाऊन विचार करायला लागतं.

---

गणिताचा_पेपर

धाग्यात दोन प्रश्न मिसळतायत असं वाटतं. ताईंनी दोन्ही विचारलेत, पण त्यांची उत्तरं वेगळी आहेत.

पहिली चौकट संपादकाची: नवं चल करणं, चलाचं नाव बदलणं, पुसण्याआधी विचारणं. सेटप्रॉम्प्ट आणि मंडळी फक्त संपादकासाठी.

दुसरी चौकट मुलाच्या प्रोग्रॅमची. "प्रश्न विचारा" या ठोकळ्यापासून जो जावास्क्रिप्ट कोड तयार होतो त्यात सरळ विंडो.प्रॉम्प्ट लिहिलेलं असतं. सेटप्रॉम्प्ट कितीही सुंदर केलं तरी इथे ब्राउझरचीच चौकट येणार. त्यासाठी त्या ठोकळ्याचा जनरेटर (ठोकळ्यापासून कोड तयार करणारं फंक्शन) बदलावा लागतो.

आणि इथे खरी गोम आहे. विंडो.प्रॉम्प्ट सगळं पान गोठवून उत्तराची वाट बघतो. आपली चौकट तसं करू शकत नाही. म्हादईंच्या पत्रासारखंच, उत्तर नंतर येणार. मग तयार झालेला कोड थांबवायचा कसा?

---

फळा_आणि_खडू

अगदी हेच! रात्रपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे सेटप्रॉम्प्ट लावलं, डायलॉग टॅग वापरला, सह्याद्रीकरांची रिटर्नव्हॅल्यूची सूचनाही पाळली. "नवं चल" ची चौकट आता माझी आहे, मोठ्या मराठी अक्षरांत. फारच आनंद झाला. पण प्रोग्रॅम चालवला की जुनीच चौकट येतेय. थांबवायचं कसं तेही सांगा.

---

रात्रपाळी

दोन रस्ते आहेत.

एक, असिंक-अवेट. ठोकळ्याच्या जनरेटरमध्ये विंडो.प्रॉम्प्टच्या जागी "अवेट माझीचौकट" असं लिहून द्यायचं, चौकटीच्या फंक्शनने प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची हमी) परत करायचं आणि सगळा तयार कोड असिंक फंक्शनच्या आत चालवायचा. सोपं आहे. अडतं ते मुलांनी स्वतःची कार्यं (फंक्शन्स) बनवली की. ब्लॉकली त्या कार्यांचा कोड साध्या फंक्शनने सुरू करतं, आणि साध्या फंक्शनच्या पोटात अवेट चालत नाही. म्हणून कार्याच्या ठोकळ्यांचे जनरेटरही बदलायचे: व्याख्येत असिंक, बोलावण्यात अवेट. बोलावणाऱ्या ठोकळ्याभोवती कंस घालायला विसरू नका, नाहीतर "मजकुराची लांबी" सारख्या ठोकळ्यांत घोळ होईल.

दुसरा रस्ता जेएस-इंटरप्रिटरचा. ब्लॉकलीच्या मूळ कर्त्यांपैकी नील फ्रेझर यांनीच तो लिहिला आहे. मुलाचा कोड ब्राउझर थेट चालवत नाही, हा इंटरप्रिटर एकेक पाऊल चालवतो. त्यात क्रिएटअसिंकफंक्शनने आपली चौकट जोडायची. उत्तर येईपर्यंत इंटरप्रिटर स्वतः थांबतो, तयार कोडमध्ये अवेट लागत नाही, मुलांची कार्यं आहेत तशी चालतात. कॉलबॅक दिल्यावर रन पुन्हा बोलवायचं एवढं लक्षात ठेवा.

शाळेसाठी मी दुसराच सुचवेन. चालू ठोकळा उजळून दाखवता येतो, वेग कमी करता येतो, आणि मुलाने कधीही न संपणारा लूप लिहिला तरी पान अडकत नाही, "थांबा" बटण चालतं.

---

पुदिना

मी पहिल्या रस्त्याच्या बाजूने. इंटरप्रिटर मुळात ईएस५ (जावास्क्रिप्टची जुनी आवृत्ती) पुरताच आहे आणि वेगही बराच कमी. चित्रं हलवणारे खेळ करायचे असतील तर जाणवतं. फक्त प्रश्नोत्तरं असतील तर रात्रपाळींचं बरोबर.

---

सह्याद्रीकर

ताईंची मुलं प्रश्नोत्तरं आणि पाढेच करत असणार. इंटरप्रिटर घ्या.

---

वर्णमाला

मी मराठी टंकलेखनाची बाजू बघते म्हणून इथे बोलते आहे. मराठी चौकटीत मुलं मराठी लिहिणार. बहुतेकजण ध्वन्यात्मक पद्धतीने टाइप करतात: इंग्रजी अक्षरांत लिहायचं, खाली शब्दांची यादी येते, एंटर दाबून शब्द निवडायचा. आता तुमच्या चौकटीने कीडाउनवर "एंटर आला की ठीक समजा" असं लिहिलेलं असेल, तर मूल शब्द निवडायला एंटर दाबतं आणि अर्धवट शब्दासकट चौकट बंद होते.

कीडाउन वापरायचंच असेल तर इव्हेंटची इजकंपोझिंग खूण तपासा. सफारीत ती खूण कधी कधी आधीच मिटलेली असते, तिथे कीकोड २२९ आहे का तेही बघावं लागतं. त्याहून बरं म्हणजे कीडाउन वापरूच नका. फॉर्ममध्ये सबमिट बटण ठेवा आणि एंटरचं काय करायचं ते ब्राउझरवर सोडा.

---

अण्णा_इचलकरंजी

म्हणून सांगतो, इन्स्क्रिप्ट शिकवा! एक कळ, एक अक्षर. यादी नाही, निवड नाही, एंटरची भानगड नाही.

---

कैरीपन्हं

अण्णा, पाचवीतल्या मुलांना आधी ठोकळे, मग इन्स्क्रिप्ट? घरी आईच्या फोनवर जे असतं तेच त्यांच्या बोटांत बसलेलं असतं.

---

अण्णा_इचलकरंजी

लहानपणी शिकलेलं आयुष्यभर पुरतं. आमच्याकडे सहावीची मुलं आठवडाभरात सरावतात. आवृत्ती बदलली, ॲप बदललं तरी कळा त्याच राहतात. वेगळा धागा काढू का?

---

वर्णमाला

काढा अण्णा, मी येते तिथे. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे.

इथे विषयाचं आणखी एक. चलाचं नाव मराठीत असेल तर "दिसायला एक, आतून दोन" असं होऊ शकतं. "दऱ्या" लिहिताना एक कळफलक ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन पुढे हलंत लावतो, दुसरा साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत टाकतो. पडद्यावर दोन्ही "दऱ्या". ब्लॉकली चलांची नावं तुलना करताना इंग्रजी लहान-मोठी अक्षरं सारखी धरतं, पण हा फरक ओळखत नाही. एकाने घरून केलेला प्रोग्रॅम, दुसऱ्याने शाळेत जोडलेले ठोकळे, आणि यादीत "दऱ्या" दोनदा.

आपली चौकट आहे म्हणून याचा बंदोबस्त करता येतो. कॉलबॅकला मजकूर देण्याआधी नॉर्मलाइझ करा, एनएफसी (युनिकोडने ठरवलेल्या एकसारख्या) रूपात. पण र-हलंत-जोडचिन्ह ही जोडी त्याने बदलत नाही, ती वेगळी शोधून ऱ-हलंत करावी लागते. दोन ओळींचं काम आहे. ब्राउझरच्या चौकटीत यासाठी जागाच नसते.

---

फळा_आणि_खडू

वर्णमालाताई, हे सोनं आहे. "सर्व चलं पुसली तरी एक उरतं" असं एक मुलगी सांगत होती, त्याचा उलगडा आता होईल असं वाटतंय. आजच तपासते.

---

गणिताचा_पेपर

मराठीचा विषय निघालाच आहे तर आकड्यांचंही बघा. "संख्या विचारा" या ठोकळ्याच्या कोडमध्ये प्रॉम्प्टचं उत्तर नंबर या फंक्शनमधून जातं. मुलाने देवनागरीत १२ लिहिले तर जावास्क्रिप्टच्या लेखी ती संख्याच नाही, उत्तर नॅन ("संख्या नाही") येतं. पुढच्या सगळ्या हिशोबात नॅन. तुमच्या चौकटीतच देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून पुढे द्या.

त्याहून घातक म्हणजे शून्य. मुलाने "नको" दाबलं तर नल येतो, आणि नलचा नंबर शून्य होतो. रिकामी पेटी ठेवून "ठीक" दाबलं तरी शून्य. "किती गुण मिळाले?" याला उत्तरच दिलं नाही आणि प्रोग्रॅम म्हणतो शून्य गुण! संख्येच्या चौकटीत रिकाम्या उत्तरावर "ठीक" चालूच देऊ नका, आणि शक्य असेल तर प्रोग्रॅमच्या प्रश्नाला "नको" बटणच ठेवू नका, "प्रोग्रॅम थांबवा" ठेवा. त्याचा अर्थ मुलाला स्वच्छ कळतो.

---

टोरांटोची_सई

हे फार महत्त्वाचं. इथे मी शनिवारच्या मराठी शाळेत मदत करते. आमची मुलं उलट करतात, मराठी प्रश्नाला इंग्रजी आकड्यांत उत्तर. दोन्ही चालले पाहिजेत.

फोनवर तपासलंत का ताई? मोबाइलवर ब्लॉकली ठोकळ्यातला मजकूर बदलायलाही प्रॉम्प्टच वापरतं, ठोकळ्यात थेट टाइप करू देत नाही. म्हणजे तुमची नवी चौकट तिथेही उघडेल. इंजेक्ट करताना मोडलइनपुट्स बंद केलं तर थेट ठोकळ्यात लिहिता येतं. पण लहान पडद्यावर मोठी चौकटच बरी वाटते, निदान आमच्या मुलांना.

---

फळा_आणि_खडू

फोनवर ती चौकट आली आणि मला कळेना कुठून आली! उलगडा झाला, धन्यवाद सई. राहू देते, मोठी अक्षरं आहेत.

---

जुना_जाणता

डायलॉग टॅगबद्दल वाचलं, करून पाहिलं, स्क्रीन रीडर लावूनही ऐकलं. प्रश्न नीट वाचला जातो, टॅब बाहेर जात नाही. माझी मुख्य हरकत यात सुटते, त्यामुळे स्वतःच्या चौकटीला माझा पाठिंबा.

पण एक म्हणणं कायम आहे: चौकटी कमीत कमी ठेवा. पुसण्याआधी प्रत्येक वेळी "नक्की?" विचारलं की मूल न वाचता "हो" दाबायला शिकतं. ब्लॉकलीत कंट्रोल-झेडने पुसलेलं परत आणता येतं. पडद्यावर "मागे घ्या" असं मोठं बटण ठेवा, त्याचा मुलांना "नक्की?" पेक्षा जास्त उपयोग होईल. सगळे ठोकळे एका फटक्यात जाणार असतील तिथेच विचारा.

---

पुदिना

सहमत. आणि जिथे विचाराल तिथे बटणावर कृती लिहा. "होय / नाही" ऐवजी "पुसा / राहू द्या". प्रश्न न वाचताही मुलाला कळतं आपण काय करतोय. "राहू द्या" वर आधी फोकस ठेवा.

---

फळा_आणि_खडू

करते तसंच. आतापर्यंत काय झालं ते सांगते, कुणी नंतर वाचत आलं तर उपयोगी पडेल. संपादकाच्या तिन्ही चौकटी आता माझ्या आहेत, एकाच डायलॉग टॅगमधून. तिन्हींसाठी मजकूर आणि बटणं तेवढी बदलतात. मराठी नावं नॉर्मलाइझ करून पुढे जातात. प्रोग्रॅमच्या प्रश्नासाठी जेएस-इंटरप्रिटर लावला, चालू ठोकळा उजळतो ते बघून मुलं उड्या मारत होती. संख्येच्या पेटीत दोन्ही आकडे चालतात आणि रिकामी असेल तर "ठीक" फिकं राहतं. मुलं आता न विचारता चलं करतात. आठवीच्या एकीने तर पाढे विचारणारा प्रोग्रॅम केला आणि धाकट्या भावाला बसवला त्याच्यापुढे.

एकच राहिलंय. चल पुसताना येणारा संदेश अजून इंग्रजी आहे, "अमुक चलाचे इतके वापर पुसायचे का" अशा अर्थाचा. त्यात आकडा आधी आणि नाव नंतर येतं. मराठीत मला नाव आधी हवंय. क्रम बदलता येतो का?

---

रात्रपाळी

येतो. ब्लॉकली.एमएसजी मध्ये डिलीट-व्हेरिएबल-कन्फर्मेशन ही ओळ शोधा. टक्के-एक म्हणजे आकडा, टक्के-दोन म्हणजे चलाचं नाव. या खुणा क्रमांकाने ओळखल्या जातात, जागेने नाही, त्यामुळे वाक्यात कुठेही ठेवा: "'%२' हे चल %१ ठिकाणी वापरलंय. सगळीकडून पुसायचं?" प्रत्यक्ष फाइलमध्ये खुणांतले अंक इंग्रजीच ठेवा, देवनागरी लिहिलेत तर ओळखले जाणार नाहीत. मराठी संदेशांची फाइल ब्लॉकली इंजेक्ट करण्याच्या आधी लोड होऊ द्या.

आणि एकवचनाची काळजी नको. चल एकाच ठिकाणी वापरलेलं असेल तर ब्लॉकली न विचारताच पुसतं, चौकट उघडते ती दोन किंवा जास्त ठिकाणी असेल तरच.

---

फळा_आणि_खडू

झालं! नाव आधी आलं. सगळी फाइल नीट टिपा लिहून पुढच्या प्रतिसादात चिकटवते, कुणाच्या शाळेला हवी असेल तर घ्या.

---

म्हादई

मला हवी. कोकणी संदेश घालून आमच्या शिबिरात वापरते. वर्णमालाताईंच्या त्या दोन ओळीही त्यात असू द्या.